बगळ्याच्या चोचीतलं जेट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या शेजारच्या स्क्रूड्रायव्हरचा अजून बसलेला नाही, आणि तो तर त्या दिवशी तिथेच होता! पण माझी काही हरकत नाही. ज्याने आयुष्यभर अंधारात मान घालून काम केलं, त्याने उजेडात बसलेल्यांच्या शंकांना किती भीक घालायची?

मी एक जुना चुंबक आहे. नुसता चुंबक नव्हे, लांब मानेचा चुंबक. माझं डोकं आलं एका रेडिओतून आणि मान आली एका टॅक्सीच्या एरियलची. रेडिओच्या स्पीकरमागे मी बसलेला असे. गाणारे गात, वाजवणारे वाजवत, पण तो आवाज घराघरात पोचवायचा कोणी? मीच. एकदा तर एक गवई ऐन रंगात असताना शिंकला, आणि ती शिंक मी आतल्या आत दाबली. लोकांना वाटलं, काय सुंदर तान घेतली!

"शिंक कशी दाबणार? तू काय रुमाल आहेस?"

ही जी मध्येच बोलली ना, तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, पण चावा मात्र घट्ट. गॅरेजमध्ये जुन्या मोटारीची काढून ठेवलेली मागची सीट आहे. शाळा सुटली की गल्लीतली तुम्ही पोरं तिच्यावर ओळीने येऊन बसता आणि मी ड्रॉवरमधून बोलतो. मोठ्यांना वाटतं, ड्रॉवर कुरकुरतोय. तुम्ही सगळे गुणी आहात, तोंडं उघडी टाकून ऐकता. ही एक सोडून. हिचं नाव मी पक्कड ठेवलं आहे. एकदा धरलं की सोडत नाही.

असो. तर तो रेडिओ एक दिवस फळीवरून पडला आणि त्याचा आवाज कायमचा बसला. त्याच आठवड्यात एक टॅक्सी झाडाला भेटून आली, तिचं एरियल मुळापासून निखळलं होतं. आमच्या मिस्त्रींनी दोघांनाही कचऱ्यातून उचललं. एरियलची नळी आत-बाहेर सरकते, हे तुम्ही पाहिलं असेल. मिटली की वीतभर, ओढली की हातभराहून मोठी. तिच्या टोकावर मिस्त्रींनी मला बसवलं, कथलाचा डाग दिला, फुंकर मारली आणि मला उजेडासमोर धरून म्हणाले, "हा बघा, बगळा!"

तेव्हापासून मी बगळा. पाण्यात मान घालून मासा उचलणारा पक्षी असतो तसा. माझं पाणी म्हणजे इंजिनाचं पोट, आणि माझे मासे म्हणजे नट, बोल्ट, वॉशर आणि स्प्रिंगा.

मित्रांनो, गाडी दुरुस्त करताना सगळ्यात वाईट आवाज कोणता, सांगा बघू? हातोडीचा नव्हे. फुटक्या सायलेन्सरचाही नव्हे. सगळ्यात वाईट आवाज म्हणजे 'टिण्'. बोटांतून एवढासा नट सुटतो, टिण् करतो आणि जातो. कुठे जातो? जिथे हात जात नाही, डोळा जात नाही, तिथेच तो नेमका जातो. मोकळी जमीन एवढी पडलेली असते, पण पट्ठ्या कधी जमिनीवर पडणार नाही. आणि तो नट लहान असला तरी त्याच्यावाचून मोठं इंजिन अडून बसतं.

अशा वेळी बाकीचे मेकॅनिक काय करतात? आधी शिव्या देतात, मग गाडी हलवतात. गाडी हलवली की नट आणखी खोल जातो. आमचे मिस्त्री तसं करत नसत. नट सुटला की ते तळहात वर करत. तळहात वर गेला की गॅरेजमध्ये सगळ्यांनी गप्प व्हायचं. कॉम्प्रेसर बंद. रेडिओ बंद. चहा पिणाऱ्याने घोट तोंडातच धरायचा. मग मिस्त्री तसलाच दुसरा नट घेत, पहिला जिथून सुटला तिथे नेमका धरत, डोळे मिटत आणि सोडून देत.

याला आमच्याकडे 'भाऊ सोडणं' म्हणतात. पहिला हरवला तर त्याला शोधायला त्याचा सख्खा भाऊ पाठवायचा. तोच आकार, तेच वजन, तीच जागा, जाणार कुठे? जिथे थोरला गेला तिथेच धाकटा. मिस्त्री ऐकत. टिण्... टक्... सर्र्... ठप. डोळे न उघडता सांगत, "बॅटरीच्या खाली, फळीच्या कडेला." मग मी मान लांब करून जात असे आणि दोघा भावांना घेऊन वर येत असे.

कधीकधी धाकटाही हरवे, ते मी लपवत नाही. मग तिसरा सोडायचा. एकदा एका ट्रकमध्ये अशी अख्खी भावकी गोळा झाली होती.

मी लोखंडाचा लाडका. खिळा असो, नट असो, मला पाहिलं की धावत येतो. पण सगळेच तसे नसतात. अ‍ॅल्युमिनियम माझ्याकडे ढुंकून पाहत नाही. पितळ तर त्याहून शिष्ट. मी कितीही जवळ गेलो तरी जागचं हलत नाही. या मंडळींसाठी मिस्त्री एक लाकडी काडी वापरत, टोकाला ग्रीसचा गोळा लावलेली. ती काडी माझ्याच ड्रॉवरमध्ये असते. आमचं एकमेकांशी बोलणं नाही.

माझे पराक्रम किती सांगू? एका मोटारीत एक स्क्रू शोधायला गेलो आणि आधी एक किल्ली, मग एक चमचा आणि शेवटी मिस्त्रींचा दहा नंबरचा पाना घेऊन आलो. हा पाना चोरला म्हणून मिस्त्रींनी शेजारच्या वेल्डरशी अबोला धरला होता. पाना निघाला तेव्हा मिस्त्री त्याला चहा घेऊन गेले. वेल्डर म्हणाला, "बोलायचं कारण काय?" मिस्त्री म्हणाले, "काही नाही, सहज आठवण आली." आणि एकदा तर मी रस्त्यावरच्या गटाराचं झाकण उचललं होतं. वर पोलीस उभा होता, त्याच्यासकट!

"पोलीस कसा उचलला जाईल? तो काय लोखंडाचा असतो?"

पट्ट्याला धरून उचलला. बक्कल होतं ना.

"बक्कल पितळेचं असतं," पक्कड म्हणाली. "माझे काका पोलीस आहेत. रोज घासतात. पिवळं असतं."

याचं लोखंडी होतं. साधा पोलीस होता बिचारा. आता पुढे ऐकता का? गोष्ट पुढेच आहे.

मिस्त्रींना एकच मुलगी. गॅरेजमध्ये तिला सगळे ताई म्हणतात. तुमच्याएवढी होती तेव्हापासून ती वडिलांच्या मागे पाने देत उभी असायची, मोठी झाल्यावर तीही इंजिनात हात घालू लागली. बापलेकीचं काम बघत राहावं असं होतं. त्यांनी हात पुढे केला की मागायच्या आधी पाना तळहातावर यायचा. दोघं एकाच गाडीवर वाकली की टॅक्सीवाले काका म्हणायचे, "माझ्या गाडीला एका वेळी दोन डॉक्टर! एवढी तर माझी बायको आजारी असताना सोय झाली नव्हती."

हे टॅक्सीवाले काका म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. गाडी जुनी, काका तिच्याहून जुने आणि जीभ दोघांहून चालू. मिस्त्रींशी त्यांची मैत्री म्हणजे एकमेकांना टोमणे मारणं. माझी मान ज्या टॅक्सीच्या एरियलची, ती त्यांचीच. त्यामुळे ते माझ्याकडे नातेवाईकासारखे बघतात.

मग मिस्त्रींचे हात थरथरू लागले.

सगळ्यांच्या आधी ते मला कळलं. त्यांनी मला हातात धरलं की माझी मान हलू लागे. वाऱ्यावर फांदी हलावी, तशी. पहिल्यांदा वाटलं, थंडी असेल. पण उन्हाळा आला तरी थरथर गेली नाही. स्क्रू खाचेत बसेना, नट बोल्टच्या आट्यांवर चढेना. बोटांतून वस्तू सुटू लागल्या. ताई पाठमोरी असली की मिस्त्री मला गुपचूप बाहेर काढत, पडलेलं उचलत आणि पुन्हा खिशात सारत. मी कुणाला काही सांगितलं नाही. मला कितीही बोलका म्हणा, पण मालकाचं गुपित मी कधी फोडलेलं नाही.

पण सगळंच मला सापडत नसे. एक दिवस टॅक्सीवाले काका आले ते हसतच.

"काय मिस्त्री, माझ्या गाडीला चाळ बांधलेत की काय? वळणावर आली की आतून घुंगरं वाजतात! कालच्या बाई उतरताना म्हणाल्या, गाडी फार सुरात आहे हो तुमची."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. त्यांनी बॉनेट उघडलं, हात आत घातला. हात थरथरत होता, तो आता सगळ्यांनाच दिसला. काकांचं हसू थांबलं. ते हळूच म्हणाले, "राहू द्या मिस्त्री. आज ताईलाच बघू द्या."

बोलले ते मायेनेच. टोमणा असता तर मिस्त्रींनी परत मारला असता. माया कशी परत मारणार? त्यांनी फडक्याला हात पुसले, बोटन्‌बोट पुसलं, फडकं खुंटीला अडकवलं आणि जिना चढून घरी गेले. त्यांचं घर गॅरेजच्या वरच आहे. दुसऱ्या दिवशी ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

त्याच सुमारास ताईने डोक्यात दिवा असलेला नवा चुंबक आणला. मान कशीही वळणारी, मूठ लाल. मी ड्रॉवरच्या तळाशी गेलो. अंगावर गंजके वॉशर आणि कसल्याशा पावत्या. मित्रांनो, नवं आलं म्हणून जुन्याला विसरू नये, असं मला तेव्हा फार वाटे. पण खरं सांगू? त्या दिव्यावाल्याचा राग मला आला नाही. गॅरेजमध्ये तळहात वर करणारं कुणी उरलं नव्हतं, त्याचं वाईट वाटे. आता नट पडला की ताई ओठ चावायची आणि दिवा लावून शोधत बसायची.

एकदा असाच एक नट टिण् करून पडला. ताई शोधत होती, तेवढ्यात जिन्याच्या वरून तिच्या आईचा आवाज आला.

"काय गं, पाडलंस का काही?"

"हो. का?"

"हे जेवता जेवता थांबलेत. घास हातात तसाच आहे. म्हणतायत, डाव्या चाकाच्या मागे, स्प्रिंगच्या वाटीत बघ म्हणावं. बघ आणि सांग लवकर, भात गार होतोय!"

ताईने पाहिलं. नट स्प्रिंगच्या वाटीत होता. ती तिथेच चाकाशी थोडा वेळ बसून राहिली. मग वर बघून ओरडली, "सापडला म्हणावं! जेवा आता!"

ती त्यांना रोज बोलवायची. "बाबा, खाली या ना. नुसते बसा." ते म्हणायचे, "बसायला वर खुर्ची आहे." ती म्हणायची, "गिऱ्हाइकं विचारतात." ते म्हणायचे, "त्यांना सांग, म्हातारा झोपलाय." आईने एकदा जिन्यावर ताईला गाठून सांगितलं, "हे दिवसदिवस बोलत नाहीत गं. खिडकीतून गाड्यांचे आवाज ऐकत बसतात. हात मांडीखाली दाबून." त्या दिवशी ताईने एक पाना तीनदा चुकीच्या जागी ठेवला.

आणि मग आला तो दिवस, ज्याच्यासाठी मी तुम्हाला एवढा वेळ बसवून ठेवलं आहे.

टॅक्सीवाल्या काकांची गाडी पाण्यासारखं पेट्रोल पिऊ लागली होती. दोष होता जेटचा. जेट म्हणजे काय, सांगतो. इंजिनात कार्बोरेटर नावाचं एक भांडं असतं, तिथे पेट्रोल आणि हवा कालवतात. त्यात पेट्रोलची धार मोजून सोडणारी एक चिमुकली तोटी असते, तिला म्हणतात जेट. शर्टाच्या बटणाहून लहान, पिवळीधमक, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. काकांच्या जेटचं भोक झिजून मोठं झालं होतं. तसलं जेट आता मिळत नाही. काकांनी भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवले तेव्हा कुठे एक हाताला लागलं. ते त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं.

ताईने जुनं जेट काढलं. नवं बोटांवर घेतलं. कॉम्प्रेसर धडधडत होता. आणि जेट सुटलं.

टिण् झालं असेल, पण ऐकलं कुणी? कॉम्प्रेसरच्या आवाजात ते गेलं ते गेलंच. ताईने दिवा लावला. इंजिनात पाहिलं, खाली सरपटून पाहिलं, झाडूने जमीन झाडली. सकाळची दुपार झाली. काका आधी विनोद करत होते, मग स्टुलावर बसून रिकामा रुमाल उलगडून पाहू लागले. त्यांची रोजीरोटी त्या गाडीवर होती. शेवटी ताई उठली, हात न पुसताच जिना चढली. मी ड्रॉवरमधून ऐकत होतो.

"बाबा, काकांचं नवं जेट माझ्याकडून पडलं. सापडत नाही."

"मग मी काय करू? माझे हात बघतेस ना?"

"हात नकोत मला. कान हवाय."

"पडून गेलं ना? आता काय ऐकू?"

"भाऊ सोडा. जुनं जेट आहे."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "सोड तूच."

"मला ऐकू येत नाही तुमच्यासारखं. आणि बाबा, पाडायला हात कशाला स्थिर लागतो?"

वर कुणीतरी हसलं. बहुतेक आई. मग जिना वाजला. एक पायरी, थांबणं, एक पायरी. मिस्त्री खाली आले. हात खिशात होते.

काका उठून उभे राहिले. काय होणार ते कळल्यावर मात्र घाबरले. "अहो मिस्त्री, एक गेलंच आहे, आता दुसरंही टाकणार? ते झिजकं तरी आहे माझ्याकडे. तेही गेलं तर गाडी काय ढकलत नेऊ?"

"ढकला," मिस्त्री म्हणाले. "तब्येत सुधारेल."

पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. हे मला कळलं, ताईला कळलं आणि काकांनाही कळलं. काका एक क्षण त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सोडा. मी नाही बघत." त्यांनी रुमाल डोळ्यांवर धरला.

मिस्त्रींनी तळहात वर केला.

मित्रांनो, किती दिवसांनी तो हात वर गेला! थरथरत होता, पण गेला. कॉम्प्रेसर बंद झाला. शेजारच्या वेल्डरने काय ते ओळखलं आणि ठिणग्या थांबवल्या. काकांना नेमका खोकला आला. "खोकला खिशात ठेवा," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या हातात जुनं जेट होतं. तो हातही थरथरत होता. ताईने फक्त जागा दाखवली. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं उघडली.

टिक्... तिक्... मग काहीच नाही... मग अगदी बारीक, नखाने भांड्याला टिचकी मारावी तसं, टुक्.

"पुढच्या आडव्या पोकळ दांड्यात," मिस्त्री म्हणाले. "वरच्या फटीतून पोटात गेलंय. उजव्या कोपऱ्यात. तिथे आधीच कुणीतरी बसलंय, हे त्याच्यावर आपटलं."

मग त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असं काही आलं होतं की ताईने मान वळवली. जुन्या सवयीने त्यांनी हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बगळा आण!"

मला! दिव्यावाल्याला नव्हे, मला!

ताई जागची हलली नाही. वडिलांकडे बघत राहिली. "बाबा..." ती म्हणाली.

"काय?"

तिने काकांकडे पाहिलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या वेल्डरकडे पाहिलं, पुन्हा वडिलांच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं. "काही नाही. आणते."

तिने मला वॉशरांच्या ढिगाखालून काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हणाली, "तुम्ही वरून घाला. मी खालून टॉर्च दाखवते. दांड्याला खालून भोक आहे, दोन बोटं जातील एवढं, त्यातून उजेड येईल." जाताना ग्रीसच्या डब्यात तिचा हात बुडाला. गॅरेजमध्ये कुणाचा बुडत नाही? मग ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. बाहेर राहिले फक्त तिचे पाय.

मी निघालो. मिस्त्रींचा हात थरथरत होता आणि मी डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक लोखंडाला टकरा देत चिकटत होतो. चिकटलो की ते हलकेच सोडवत, पुन्हा खाली सोडत. काकांनी श्वास धरला होता. फट सापडेना. एकदा हुकली, दुसऱ्यांदा हुकली. मिस्त्रींच्या कपाळावरचा घाम माझ्या मानेवर पडला. मग खालून उजेड आला, अगदी नेमका फटीतून, आणि मी त्या उजेडाच्या दिशेने आत शिरलो.

आत काय झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही. जागा अरुंद होती. काहीतरी ऊब लागली, बहुधा ताईचं बोट असेल. मी सगळं बळ एकवटलं. रेडिओतलं बळ, टॅक्सीतलं बळ, सगळं. आणि मिस्त्रींनी मला वर ओढलं.

माझ्या चोचीवर जेट होतं! एक नव्हे, दोन! नवं आणि जुनं, दोघे भाऊ, घरट्यातल्या पिलांसारखे शेजारी शेजारी! काकांनी असा काही आरडाओरडा केला की रस्त्यावरचं कुत्रं पळालं. वेल्डरने टाळ्या वाजवल्या. काका मिस्त्रींच्या पाठीवर थापा मारत म्हणाले, "कान आहे की काय आहे हो! आणि मी मूर्ख, म्हणत होतो राहू द्या!"

मिस्त्री मात्र माझ्या टोकाकडे बघत राहिले. खूप वेळ. त्यांनी नवं जेट अंगठ्याने हळूच सुटं केलं, अंगठा तर्जनीवर चोळला. बोटाला थोडं ग्रीस लागलं होतं. मग त्यांनी गाडीखालून बाहेर आलेल्या लेकीच्या पायांकडे पाहिलं.

"आलं का, बाबा?" खालून आवाज आला.

त्यांचा गळा दाटून आला होता. खाकरून म्हणाले, "आलं गं. बगळ्याने काम केलं. तू उजेड धरलास म्हणून."

माझ्या पराक्रमाने भल्याभल्यांचे गळे दाटतात, मित्रांनो. त्यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी वरची खुर्ची खाली आली. तीच ही कोपऱ्यातली खुर्ची. आता काही पडलं की ताई आधी दिवा लावत नाही. म्हणते, "बाबा!" आणि तळहात वर जातो. दुसऱ्या गॅरेजमधली माणसंही येतात, "मिस्त्री, जरा येऊन ऐकता का?" म्हणून. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात, पण आता ते मांडीखाली नसतात. आत्ताही बघा, डोळे मिटून बसलेत. झोपलेत असं वाटतं, पण त्यांच्या कानाची खात्री देता येत नाही. आणि ताई त्या तिकडे, बाकावर पाठमोरी, कार्बोरेटर उघडून बसली आहे.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. त्यांना पुसा, तेल द्या, अधूनमधून हातात घ्या. कारण वेळ आली की नव्या दिव्यांना जे जमत नाही, ते एखाद्या जुन्या, प्रामाणिक, बलवान चुंबकाला...

"थांब!"

पक्कड सीटवर उभीच राहिली होती.

"जेट पिवळं असतं म्हणालास. पिवळं म्हणजे पितळ! आणि पितळ तुला चिकटतच नाही, तूच सांगितलंस! ग्रीसची काडी लागते! खोटारड्या, तू नाही उचललंस! खालून दोन बोटं जात होती, ताईनेच ते ग्रीस लावून तुझ्या डोक्याला चिकटवलं! तिला सरळ हातात काढून देता आलं असतं, पण तिने..."

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. मिस्त्रींनी डोळे उघडले होते. त्यांनी पक्कडकडे पाहिलं, मग बाकावर पाठमोऱ्या बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं, आणि थरथरतं बोट हळूच ओठांवर ठेवलं.